बाबांच्या एमजीत माझदाचं इंजिन बसवू का?

‘माझे बाबा मिरजेहून डॉक्टर होऊन १९७१ साली इंग्लंडला आले. लेस्टरला हॉस्पिटलात नोकरी पक्की झाल्यावर त्यांनी १९७२ सालची एमजीबी जीटी, म्हणजे छपराची छोटी स्पोर्ट्स कार, जुन्यात घेतली. रंग हार्वेस्ट गोल्ड, आई तिला अजून “हळदी गाडी” म्हणते. बाबा २०११ साली गेले. त्याच्या आधी दोन वर्षं गाडी गॅरेजमध्ये लावली, ती तिथेच आहे. इंजिन जाम झालंय. मला ती रस्त्यावर आणायची आहे, आणि नुसती पुसून ठेवायला नाही, तर मुलांना घेऊन एम-वन मोटरवेवरून लांब जायला. ओळखीच्या एका मेकॅनिकने माझदा एमएक्स-५ चं १.८ इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स सुचवलाय. मागून ठोकलेली एक एमएक्स-५ त्याने पाहूनही ठेवलीय. पण जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक म्हणतात, हे पाप आहे. आईला विचारलेलं नाही. तिला गाड्यांतलं काही कळत नाही. कोपऱ्यावर गाडी वळल्याचा आवाज आला की ती कुकर लावायची, एवढाच तिचा त्या गाडीशी संबंध. पैसे बेताचेच आहेत. काय करू?’
– एक वाचक, लेस्टर

नमस्कार.

आधी क्लबातल्या पापाचं मिटवून टाकू. एमजीबीत दुसरं इंजिन बसवण्यात पाप कसलं? खुद्द कारखान्याने ते दोनदा केलंय. १९६२ साली ही गाडी एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात १७९८ सीसीचं, चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन होतं. १९६७ मध्ये कंपनीने त्याच बॉडीत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं लोखंडी धूड घातलं आणि तिला एमजीसी म्हटलं. पुढे केन कॉस्टेलो या गृहस्थांनी रोव्हरचं ॲल्युमिनियमचं व्ही-८ इंजिन घातलेल्या एमजीबी विकायला सुरुवात केली, आणि त्या पाठोपाठ १९७३ मध्ये कंपनीनेही आपली व्ही-८ काढली. माझदाचं म्हणाल, तर २०१२ साली गाडीच्या पन्नाशीनिमित्त ऑक्सफर्डशरच्या फ्रंटलाइन कंपनीने माझदाचं दोन लिटर इंजिन घातलेल्या नव्याकोऱ्या एमजीबी बनवल्या. तुमच्या मेकॅनिकने जगावेगळं काही सांगितलेलं नाही.

या गोष्टींतून एक मात्र शिकण्यासारखं आहे. एमजीसीचं इंजिन आधीच्यापेक्षा जवळजवळ ९५ किलोंनी जड होतं, आणि ते सगळं वजन नाकावर. वळणावर गाडी वळायला कुरकुर करते ही तक्रार तिला कायमची चिकटली. व्ही-८ ला सिलिंडर दुप्पट, पण ॲल्युमिनियमचं असल्यामुळे वजन जुन्या चार सिलिंडरच्या आसपासच राहिलं, आणि गाडीचा तोल टिकला. कोणी इंजिन बदलायचं म्हणाला की मी ताकदीच्या आधी वजन विचारतो. माझदाचं १.८ या कसोटीला उतरतं. ते बी-सिरीजपेक्षा जड नाही, आणि त्याची १३० च्या आसपासची अश्वशक्ती तुमचा मागचा ॲक्सल सहज सोसेल. कारखान्याने १३७ अश्वशक्तीची व्ही-८ त्याच जातीच्या ॲक्सलवर चालवली होती.

हे सगळं खरं असलं, तरी ती ठोकलेली एमएक्स-५ आज विकत घेऊ नका. तुमच्या अख्ख्या पत्रात इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, मोटरवे आहे, आणि पत्र्याबद्दल एक अक्षर नाही. गाडी सोळा-सतरा वर्षं इंग्लंडच्या दमट हवेत उभी आहे. मला काळजी पत्र्याची आहे.

मी हे काम कोल्हापूरला उद्यमनगरात शिकलो. तेव्हा विलीज जीपचं पेट्रोल इंजिन उतरवून डिझेल बसवायचं काम सारखं चालू असायचं. इंजिन जड, हादरे जास्त, पण जीपच्या पोटाखाली चेसिस असायची. वरचा पत्रा सडला तरी चेसिस गाडी धरून ठेवायची. एमजीबीला वेगळी चेसिसच नाही. दाराखालची जी लांब पेटी आहे, जिला इथे सिल म्हणतात, तीच तिची चेसिस. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि खालून फ्लोअरला जोडणारी पन्हळीसारखी पट्टी, असे तीन थर मिळून ती पेटी होते. पुढच्या मडगार्डच्या आत वरच्या बाजूला चिखल साठतो, तो ओला राहतो, पाणी हळूहळू सिलच्या पुढच्या टोकात उतरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला एक फोड दिसतो तोवर आत काही उरलेलं नसतं.

हे मी स्वतः भोगलंय. नव्वदच्या दशकात बर्मिंगहॅमला असताना मीही एक एमजीबी घेतली. हौसेने आधी इंजिन बांधलं. पिस्टन नवे, बेअरिंगं नवी, रॉकर कव्हर पॉलिश केलेलं. मग बॉडीला रंग मारून घेतला. एका शनिवारी चाक काढायचं म्हणून दाराखाली जॅक लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक वर जात होता, गाडी काही उचलत नव्हती. मग भाजलेला पापड मुठीत चुरडावा तसा आवाज आला आणि जॅकचं डोकं सिलच्या आत गेलं. खाली वाकून पाहिलं तर सिमेंटवर तांबूस भुगा पडला होता आणि त्यात कोणीतरी कधीकाळी भरलेल्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पांढरा तुकडा. दाराच्या खालचा नवा रंग मला स्वतःच्या हाताने जाळावा लागला. दोन्ही सिल बदलायला कार्पेट, सीट, दारं, सगळं पुन्हा उतरवलं. ते चकचकीत इंजिन आठ महिने चादरीखाली झाकून ठेवलं होतं. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून एवढं लांबण लावतोय.

तेव्हा एक लोहचुंबक, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरा. गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नका, आणि स्टँड सिलखाली लावू नका, ॲक्सलखाली लावा. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सिलवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. सीटमागचं कार्पेट उचला. तिथे खाली बॅटरीचे दोन खोके आहेत, कारण तुमच्या गाडीला सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. ते खोके हमखास सडतात. पेट्रोलची टाकी वरून सडते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामधल्या फटीत माती बसते. मागच्या चाकाच्या पुढचा, दाराला लागून असलेला कोपराही स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा.

सिल बदलायची वेळ आली, तर ते काम घरच्या गॅरेजात पहिल्यांदाच करून बघण्यासारखं नाही. वेल्डिंग करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: कापायच्या आधी दाराची फट कशी धरून ठेवणार? गाडीचा भार ॲक्सलवर ठेवून, दाराच्या चौकटीत आडवी पट्टी मारून, एका वेळी एकच बाजू कापणार, आणि मधेमधे दार लावून फट तपासणार, असं उत्तर आलं तर काम द्या. ‘त्यात काय, होऊन जाईल’ असं म्हणाला तर चहा पिऊन परत या. जीटीला छप्पर असल्यामुळे ती उघड्या गाडीपेक्षा कमी झुकते, पण झुकते. एक दिलासा आहे. या गाडीचा पत्रा न मिळण्याची भीती नाही. विटनीची ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था मूळ साच्यांवर आजही एमजीबीचे पत्रे काढते, अख्खी बॉडीसुद्धा.

पैसे बेताचे आहेत म्हणालात. मग पहिला पैसा पत्र्याला, दुसरा ब्रेकला. ब्रेकचे सगळे रबर, नळ्या, मागचे सिलिंडर बदलायचेच, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बाबांच्या काळच्या या गाडीला ब्रेकची लाइन एकच असते. ती फुटली तर पायाखाली काही उरत नाही. तुम्ही मुलांना बसवणार आहात. मागच्या सीटला पट्टे नसतील तर भक्कम पत्रा बघून ते बसवून घ्या. पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालच्या मुलाला नेण्याची कायद्याने परवानगीच नाही.

आता इंजिनाकडे येऊ.

जाम झालेलं इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. बी-सिरीज हे अतिशय कणखर जातीचं इंजिन आहे. उभ्या गाडीत बहुतेक वेळा एक-दोन पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला गंजाने धरून बसलेल्या असतात, आणि त्या सुटतात. ते सुटतंय का हे बघायला तुम्हाला दोन आठवडे लागतील आणि खर्च जेमतेम. आधी ते करा.

आणि मोटरवेचं दुखणं इंजिनाचं आहे असं तुम्ही धरून चाललाय, त्यावर जरा थांबा. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चौथ्याच्या वरचा जादा गिअर, नसलेली एमजीबी चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना साधारण ३९०० आरपीएमला ओरडत असते. एम-वनवर कान किटतात ते यामुळे. ओव्हरड्राइव्ह असेल तर तोच वेग ३२०० च्या आसपास मिळतो, आणि शेजारच्याशी बोलता येतं. तुमच्या गाडीला तो आहे का? १९७२ साली तो जादा पैसे देऊन मिळायचा. खाली गेलात की गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला पितळी प्लेट आणि वायर आलेली सोलेनॉइड (विजेवर चालणारी कळ) दिसते का बघा. नसेल, तर जुन्या इंजिनामागे पाच गिअरचा बॉक्स लावता येतो. फोर्ड सिएराचा बॉक्स या गाडीला वर्षानुवर्षं लावला जातोय, त्याचं सामान तयार मिळतं. त्याच्या जोडीला ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगला रेडिएटर आणि सगळ्या अर्थिंगच्या जागा घासून साफ. जुनी गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुतेक वेळा या बारक्या कारणांनी, इंजिन खराब म्हणून नव्हे. आणखी एक गोष्ट. इथे २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालंय, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. नळ्या नव्या घाला आणि सुपर ग्रेडचं ई-५ भरा.

समजा हेड उघडलं आणि ब्लॉकला तडा निघाला, किंवा सिलिंडर खड्डे पडून गेले. मग माझदा बसवा, माझी हरकत नाही. फक्त काही गोष्टी माझ्या ऐका. एमएक्स-५ अख्खी घ्या, नुसतं इंजिन नको. वायरिंग, कॉम्प्युटर, सेन्सर, सगळं एकाच गाडीतलं असलं पाहिजे. एका गाडीचा कॉम्प्युटर आणि दुसरीचं वायरिंग यात माणसांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. आणि ती चालू होत असेल तर उतरवण्याआधी अंगणातल्या अंगणात का होईना चालवून बघा. गरम झाल्यावर ती कशी वागते हे तेव्हाच कळेल.

एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्स मागच्या डिफरन्शियलला एका लांब ॲल्युमिनियमच्या चौकटीने जखडलेला असतो. तुमच्या गाडीत ती चौकट बसणार नाही, म्हणून गिअरबॉक्सला वेगळं माउंटिंग बनवावं लागेल. इंजिनाचा संप (खालचं तेलाचं भांडं) पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या तुळईवर, टेकतो का आणि एग्झॉस्ट स्टिअरिंगच्या दांड्याजवळ जातो का, हे इंजिन हवेत टांगून मोजा, मगच कापाकापी. पेट्रोलला जास्त दाबाचा पंप, परतीची नळी आणि टाकीत आडपडदा लागतो. नाहीतर टाकी पाव भरलेली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन झटका देतं. डॅशबोर्डवरची स्मिथ्स कंपनीची काट्यांची मीटरं मात्र काढू नका. नव्या सेन्सरवर ती चालवून देणारे लोक आहेत. बाबा गाडी चालवताना ज्या काट्यांकडे बघायचे ते काटे तसेच हलू देत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉडीत असं काही कापू नका, जे उद्या पुन्हा जोडता येणार नाही. नवी माउंटिंगं जुन्या भोकांवर बोल्टने बसवा. बाबांचं इंजिन तेल भरून, तोंडं बंद करून, स्टँडवर कोरड्या जागी ठेवा. भंगारात देऊ नका, मेकॅनिकने ‘मीच घेऊन जातो’ म्हटलं तरी नाही. तुमच्या मुलांपैकी कोणाला वाटलं तर ते परत बसवता आलं पाहिजे.

कागदाचं थोडक्यात. इंजिन बदललं की लॉगबुकवर नवा इंजिन नंबर आणि सीसी डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला, कळवावे लागतात. विमा कंपनीला लेखी सांगा, आणि गाडीची किंमत आधी ठरवून घेणारा विमा घ्या. चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का ही तपासणी, माफ असते, पण इंजिन बदललेल्या गाडीत त्या माफीवरून वाद होऊ शकतो. तुम्ही त्या वादात पडूच नका. दरवर्षी एमओटी करून घ्या. दुसऱ्या कोणाची तरी नजर गाडीच्या पोटाखालून फिरते, त्यातच तुमचं भलं आहे.

आता आईंचं.

त्यांचा गाडीशी काही संबंध नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि त्याच दमात कुकरचंही लिहिलंय. लेस्टरच्या थंडीत, खिडक्या बंद असताना, शेजाऱ्यांच्या गाड्या येत-जात असताना त्यांना एकच गाडी ओळखू यायची. त्या गाडीचं एग्झॉस्ट, दोन एसयू कार्बोरेटरचा श्वास, दुसऱ्या गिअरमध्ये कोपऱ्यावर वळतानाची ती घरघर, हे सगळं त्यांना कानाने पाठ होतं. तुमच्या घरात त्या इंजिनाची सगळ्यात जुनी जाणकार आई आहेत. माझदाचं इंजिन चांगलं आहे, विश्वासू आहे, पण त्याचा आवाज वेगळा आहे, आणि तो कितीही प्रयत्न केला तरी तसा होणार नाही.

म्हणून त्यांना विचारा. ‘इंजिन बदलू का’ असं विचारलंत तर त्या ‘तुझी गाडी, तू बघ’ म्हणतील, हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे. तसं विचारू नका. त्यांना गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसवा, गाडीचं दार उघडा आणि बाबा तिच्यातून कुठे कुठे न्यायचे ते विचारा. बोलता बोलता जे बाहेर येईल ते ऐका. त्या म्हणाल्या की ह्यांना सदा ती गाडी जोरात पळवायची असायची, तर तुम्हाला माझदाला हात मोकळा आहे. त्या आवाजाबद्दल बोलल्या, तर जुनं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स यावरच थांबा. माझा स्वतःचा कल या दुसऱ्या वाटेकडे, जुन्या इंजिनाकडे आहे, हे लपवत नाही. पण तुमच्या घरातला निर्णय आहे, आणि दोन्हींपैकी कोणताही घेतलात तरी गाडी बाबांचीच राहील, जोवर तिचा पत्रा शाबूत आहे.

या शनिवारी एवढंच करा. बॅटऱ्यांच्या तारा काढा. हँडब्रेक सोडा. मागच्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटले असतील, तर ड्रमच्या कडेला लाकडी हातोडीने फिरवून फिरवून ठोका. आतली धूळ फुंकू नका, हवेनेही उडवू नका. त्या काळच्या शूमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मग चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून चार-चार चमचे सोडा. ॲसिटोन पटकन पेट घेतं, तेव्हा गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि आसपास हीटर नको. आठवडाभर हात लावू नका, मधे एकदा पुन्हा दोन-दोन चमचे टाका. स्टार्टर मारायचा नाही, काहीही झालं तरी नाही.

पुढच्या शनिवारी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, बॉनेट उघडं ठेवा, आणि मागून दोघांनी तिला हलकेच पुढे-मागे झुलवा. जोर लावून नाही, पाळणा हलवल्यासारखं. आईंना पुढे उभं करा, बॉनेटपासून हातभर लांब. रेडिएटरमागचा पंखा बोटभर जरी हलला, तरी तो आधी त्यांना दिसेल. हलला तर मला लगेच कळवा. प्लग परत लावायच्या आधी व्हॉल्व्ह कसे तपासायचे ते लिहून पाठवतो.